गाडी चालवताना मोबाइल : बंदीच्या कायद्यांची पार्श्वभूमी

वाहन चालवताना मोबाइलवर बोलण्यास मनाई करणारे बहुतेक कायदे पाव शतकाच्या आसपासचेच आहेत. जपानने १९९९ मध्ये, न्यूयॉर्क राज्याने २००१ मध्ये आणि ब्रिटनने १ डिसेंबर २००३ पासून बंदी लागू केली. मूळच्या १९६८ च्या रस्ते वाहतुकीविषयीच्या व्हिएन्ना करारातही पुढे दुरुस्ती झाली आणि धावत्या वाहनात चालकाने फोन हातात धरून वापरण्यावर बंदी घालण्याचे बंधन २००६ पासून सदस्य देशांवर आले.

या सर्व तरतुदींचा रोख हातातल्या फोनवर होता. वास्तविक १९९७ मध्येच टोरंटोतील संशोधकांनी अपघातग्रस्त चालकांच्या फोनबिलांच्या नोंदी अपघाताच्या वेळेशी ताडून पाहिल्या होत्या. फोनवर बोलत असताना अपघाताचा धोका सुमारे चौपट होतो आणि हँड्सफ्री वापरल्यानेही तो कमी झाल्याचे दिसत नाही, असा त्यांचा निष्कर्ष होता. तरीही कायदेमंडळांनी हातावरच भर दिला. चालकाचे चित्त कोठे आहे हे रस्त्याकडेला उभ्या पोलिसाला दिसत नाही, कानाला लावलेला फोन मात्र दिसतो, हे त्याचे एक व्यावहारिक कारण असावे.

फोन बदलला तशी या कायद्यांची भाषा तोकडी पडू लागली. मेसेज पाठवण्यावर वॉशिंग्टन राज्याने २००७ मध्ये स्वतंत्र बंदी आणली. पण खरी पंचाईत स्मार्टफोनने केली. कॅलिफोर्नियातील फ्रेस्नो येथे २०१२ मध्ये रस्त्याच्या कामामुळे वाहतुकीत अडकलेल्या एका चालकाने पर्यायी मार्ग शोधण्यासाठी फोनवर नकाशा उघडला आणि त्याला दंड झाला. २००८ पासून लागू असलेला कायदा संभाषणापुरताच आहे, असे सांगत अपील न्यायालयाने २०१४ मध्ये त्याची शिक्षा रद्द केली. ही पळवाट २०१७ पासून लागू झालेल्या कायद्याने बुजवली. आता तेथे फोन स्टँडवर बसवलेला असेल, तर एकदा बोट टेकवण्याची किंवा सरकवण्याची तेवढी मुभा आहे. ब्रिटनमध्येही तसेच घडले. अपघातस्थळाचे चित्रीकरण करत गाडी हाकणाऱ्या चालकाला उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये निर्दोष ठरवले, कारण नियमांत केवळ संपर्कासाठी केलेला वापर गुन्हा होता. मार्च २०२२ पासून तेथे हातात धरलेल्या फोनचा जवळपास कोणताही वापर गुन्हा आहे. त्याआधीच, २०१७ मध्ये, दंड २०० पौंड आणि सहा पेनल्टी पॉइंट (परवान्यावर नोंदले जाणारे दंडगुण) असा वाढला होता. नव्या चालकाचा परवाना पहिल्या दोन वर्षांत एवढ्यानेच जातो.

भारतात मोटार वाहन कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीने फोन हातात धरून वापरणे हा धोकादायक वाहनचालनाचा प्रकार ठरवला, तर २०२० च्या नियमांनी केवळ मार्ग पाहण्यासाठी, तोही लक्ष विचलित होणार नाही अशा रीतीने, वापर मान्य केला.

हँड्सफ्रीचा प्रश्न मात्र बहुतेक ठिकाणी तसाच आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने डिसेंबर २०११ मध्ये आणीबाणीचा प्रसंग वगळता चालकांना फोन पूर्णतः वर्ज्य करण्याची शिफारस राज्यांना केली, आणि २०१९ मध्ये ब्रिटिश संसदेच्या वाहतूक समितीनेही हँड्सफ्री बंदीचा विचार व्हावा असे सुचवले; सर्व चालकांना लागू होणारी अशी बंदी दोन्हीकडे आलेली नाही. त्याच वर्षाच्या अखेरीस ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्सने फोन टिपणारे कॅमेरे रस्त्यांवर बसवले, आणि त्यांनाही दिसतो तो हातातला फोनच.