शोषण आणि अधिशोषण: पदार्थ आत शिरतो की पृष्ठभागावर थांबतो?

शोषण आणि अधिशोषण यांतला फरक ठरवण्यासाठी एकच प्रश्न विचारावा लागतो: जो पदार्थ धरला गेला, तो आता नेमका कुठे आहे? तो दुसऱ्या पदार्थाच्या अंतर्भागात सर्वत्र पसरला असेल, तर ते शोषण होय. तो पृष्ठभागावरच साचून राहिला असेल आणि आतल्या भागात शिरला नसेल, तर ते अधिशोषण, ज्याला काही पुस्तकांत पृष्ठशोषण असेही म्हटले जाते.

ओलावा टिपणारे दोन परिचित पदार्थ हा फरक दाखवतात. निर्जल कॅल्शियम क्लोराइड दमट हवेत उघडे ठेवले, तर ते आधी पाण्याचे रेणू आपल्या स्फटिकरचनेत सामावून घेते आणि पुढे त्याच पाण्यात विरघळून द्रवरूप होते. सिलिका जेलचे दाणे मात्र भरपूर ओलावा घेऊनही दाणेच राहतात आणि तापवले की पुन्हा कोरडे होऊन वापरता येतात. पाणी दाण्याच्या आत गेलेले असते हे खरे, पण ते तिथल्या सूक्ष्म छिद्रांच्या भिंतींना धरून असते, सिलिकाच्या घन भागात मिसळलेले नसते. बहुतेकांचा गोंधळ इथेच होतो, कारण छिद्राची आतली भिंत हाही पृष्ठभागच आहे. एका ग्रॅम सक्रियित कोळशात, म्हणजे प्रक्रिया करून असंख्य सूक्ष्म छिद्रे पाडलेल्या कोळशात, अशा भिंतींचे एकूण क्षेत्रफळ सुमारे 1000 चौरस मीटर भरते आणि त्याची सारी उपयुक्तता त्यातच आहे.

दोन्ही क्रियांचे सिद्धांतही वेगळ्या वाटांनी गेले. द्रवात वायू किती विरघळेल, याचा नियम विल्यम हेन्री यांनी 1803 मध्ये मांडला: ठरावीक तापमानाला विरघळलेल्या वायूचे प्रमाण त्याच्या आंशिक दाबाच्या (वायूंच्या मिश्रणात एकट्या त्या वायूच्या वाट्याच्या दाबाच्या) सम प्रमाणात असते, म्हणजे दाब दुप्पट केला की विरघळलेला वायूही दुप्पट होतो. अधिशोषणाला मात्र जागेची मर्यादा असते. अर्व्हिंग लँगम्यूर यांनी पृष्ठभागावर रेणूंसाठी मोजक्याच जागा आहेत आणि एका जागी एकच रेणू बसतो असे गृहीत धरून 1918 मध्ये जे समीकरण मांडले, त्याचा आलेख दाब वाढवत गेल्यास सुरुवातीला सरळ चढतो आणि जागा भरत आल्या की आडवा होतो. पृष्ठभागाच्या रसायनशास्त्रातील कार्याबद्दल त्यांना 1932 चे नोबेल पारितोषिक मिळाले. एकावर एक थर बसण्याची शक्यता धरून ब्रुनॉअर, एमेट आणि टेलर यांनी 1938 मध्ये हा विचार पुढे नेला.

परीक्षेच्या तयारीसाठी दिलेल्या तक्त्यांत अनेकदा अधिशोषण उष्मादायी (उष्णता बाहेर टाकणारे) आणि शोषण उष्माग्राही (उष्णता घेणारे) असते असे लिहिलेले आढळते. हा निकष सोडून द्यावा असे मला ठामपणे वाटते. वायू पाण्यात विरघळतानाही सहसा उष्णता बाहेर पडते आणि म्हणूनच पाणी तापवले की त्यातला वायू निघून जातो. उष्णतेवरून या दोन क्रिया वेगळ्या करता येत नाहीत.

कधी कधी एकाच ठिकाणी दोन्ही क्रिया एकामागून एक घडतात. पॅलेडियम धातू हायड्रोजन मोठ्या प्रमाणात शोषून घेतो, हे थॉमस ग्रॅहॅम यांनी 1860 च्या दशकात दाखवले. हायड्रोजनचा रेणू आधी धातूच्या पृष्ठभागावर बसतो आणि तिथे त्याचे दोन अणू सुटे होतात. हे झाले अधिशोषण. मग ते अणू धातूच्या स्फटिकजाळीतील पोकळ्यांत शिरतात आणि संपूर्ण धातूत पसरतात. हे झाले शोषण.

भौतिकशास्त्रातील प्रकाशाचे शोषण या जोडीत बसत नाही. तिथे शोषला गेलेला फोटॉन, म्हणजे प्रकाशाचा कण, पदार्थात कुठेही साठून राहत नाही. त्याची ऊर्जा रेणूला मिळते आणि फोटॉन नाहीसा होतो. म्हणून प्रकाशाच्या बाबतीत ‘कुठे आहे’ हा प्रश्नच उद्भवत नाही. बूगे, लँबर्ट आणि बीअर यांच्या नावाने ओळखला जाणारा नियम फक्त एवढेच सांगतो की द्रावणाची संहती (त्यात विरघळलेल्या पदार्थाचे प्रमाण) आणि प्रकाशाने कापलेले अंतर जितके जास्त, तितकी शोषकता जास्त. तरी प्रयोगशाळेत दोन्ही गोष्टी एकत्र येतात: मिथिलीन ब्ल्यूच्या द्रावणात कोळसा घालून ढवळला की निळा रंग फिका होतो आणि गाळलेले द्रावण किती प्रकाश शोषते, यावरून कोळशाने किती रंगद्रव्य अधिशोषले ते काढता येते.

औषधशास्त्रात शोषण म्हणजे औषध दिलेल्या जागेपासून रक्तात पोहोचणे. बहुतेक औषधे पेशीपटलातून संहतीच्या उतारानुसार, म्हणजे जास्त संहतीकडून कमी संहतीकडे, विसरणाने जातात, आणि रेणू विद्युतभारित नसेल तर मेदयुक्त पटल ओलांडणे त्याला सोपे जाते. या तर्काने ॲस्पिरिनसारखे सौम्य आम्ल जठरातच जास्त शोषले जायला हवे, पण प्रत्यक्षात त्याचा मोठा भाग लहान आतड्यात शोषला जातो, कारण तिथले क्षेत्रफळ कितीतरी मोठे आहे. काही औषधांना मात्र वाहक प्रथिने लागतात आणि त्या प्रथिनांची संख्या मर्यादित असते. गॅबापेंटिन या अपस्मारावरील औषधाच्या बाबतीत दिवसाला 900 मिलिग्रॅम तीन भागांत दिले तर सुमारे 60 टक्के औषध रक्तात पोहोचते, तर 3600 मिलिग्रॅमला हे प्रमाण सुमारे 33 टक्क्यांवर येते. आलेख लँगम्यूरच्या आलेखासारखाच आडवा होत जातो, तरीही हे शोषणच आहे, कारण औषध पटलाच्या पलीकडे गेलेले असते.

विषबाधेच्या उपचारात या दोन क्रिया एकमेकींसमोर उभ्या राहतात. विष पोटात गेल्यावर पहिल्या तासाभरात डॉक्टरांच्या देखरेखीखाली सक्रियित कोळसा दिला, तर तो विषाचे रेणू आपल्या पृष्ठभागावर धरून ठेवतो आणि तितके विष रक्तात शोषले जाण्यापासून वाचते. लोह, लिथियम आणि अल्कोहोल यांना तो पुरेसा धरत नाही, त्यामुळे तिथे तो उपयोगी पडत नाही. थिओफायलिन, कार्बामाझेपिन आणि फेनोबार्बिटल यांच्यासारख्या औषधांच्या बाबतीत कोळसा ठरावीक अंतराने पुनःपुन्हा दिला जातो, कारण आतड्यातील मोकळे औषध त्याने धरले की रक्तात आधीच शोषले गेलेले औषधही पटल ओलांडून उलट दिशेने आतड्यात येत राहते.