फोर्टचं नाव दोनदा बदललं, आकाशाचा नंबर तोच राहिला

बडोद्यात कोणी कमाटीबागेला सयाजीबाग म्हणालं की समजायचं, हा एकतर बाहेरचा आहे नाहीतर सरकारी पाटी वाचून बोलतोय. शहराचंही तेच. १९७४ मधे कागदोपत्री वडोदरा झालं, पण आमच्या दांडिया बाजाराकडच्या घरांमधे अजून बडोदंच चालतं, बँकेच्या पाटीवर बडोदा, क्रिकेटच्या टीमला बडोदा, आणि हरणीच्या एअरपोर्टला येणाऱ्या बॅगांच्या टॅगवर बीडीक्यू. परवा भाच्याला घ्यायला गेले होते तर टॅग फाडता फाडता तो म्हणे, मावशी, नाव बदलून ५० वर्षं झाली, हे बदलायला काय लागतं, कॉम्प्युटरमधे एक ओळ तर बदलायची ना.

मलाही आधी तसंच वाटायचं. आणि हा तर फक्त तिकिटाचा कोड झाला, पायलट आणि कंट्रोलर वापरतात तो चार अक्षरी कोड वेगळाच असतो, आपला व्हीएबीओ. त्यातला व्ही म्हणजे भारत आणि आजूबाजूचे बरेच देश, ए म्हणजे पश्चिम भारत, आणि शेवटी बीओ म्हणजे परत बडोदाच. तिकडे मुंबईचं बीओएम, चेन्नईचं एमएए, सगळी जुनी नावं जशीच्या तशी बसलीत.

पण एअरपोर्ट निदान जमिनीवर तरी आहे, जाऊन हात लावता येतो. नुसत्या हवेच्या तुकड्याला नाव असेल आणि तेच बदलायचं असेल तर काय करायचं? हे मी उगाच डोकं खाजवून काढलेलं कोडं नाहीये, अमेरिकेत लष्करी तळांची नावं गेल्या काही वर्षांत धडाधड बदलली (आणि परत फिरवली) आणि त्या तळांच्या डोक्यावरचं जे बंद आकाश आहे त्याच्या कायदेशीर वर्णनात तळाचं नाव लिहिलेलं असतं.

आधी हे बंद आकाश काय असतं ते बघू. जगभर याचे तीन प्रकार मानतात: पी म्हणजे पूर्ण मनाई, आर म्हणजे अटींवर प्रवेश, डी म्हणजे धोका आहे, जपून. अमेरिकेत डी वापरत नाहीत, समुद्रावरच्या धोक्याच्या पट्ट्यांना ते डब्ल्यू लावतात, ते असू दे. आपला विषय आर, रिस्ट्रिक्टेड एरिया. नकाशावर ती निळ्या रेघांची चौकट दिसते म्हणून आपण ती सपाट समजतो, पण ती खोली आहे, तिला भिंती आहेत, तळ आहे, छप्पर आहे आणि उघडायच्या-बंद व्हायच्या वेळा आहेत. भिंती म्हणजे अक्षांश-रेखांशांची यादी, डिग्री-मिनिट-सेकंदात, आणि अक्षांशाचा एक सेकंद म्हणजे जमिनीवर साधारण ३१ मीटर, म्हणजे एक आकडा चुकला तर भिंत शेजारच्या सोसायटीत.

छपराची गंमत जास्त आहे. लोकांना वाटतं लष्कराने उगाच हवा अडवून ठेवलीये, पण तोफेचा हिशोब करून बघा. ४५ अंशात उडवलेला गोळा जेवढा लांब जातो त्याच्या साधारण पाव पट उंच जातो (हवेचा विरोध सोडून दिला तर, आणि धरला तर हे प्रमाण थोडं वाढतंच). १५५ मिलिमीटरची तोफ २४ किलोमीटरवर मारते, म्हणजे गोळा वाटेत ६ किलोमीटर वर जाऊन येतो, म्हणजे जवळजवळ २० हजार फूट. छोटी विमानं याच्या कितीतरी खाली उडतात, मोठी विमानं उतरताना इथूनच जातात, आणि गोळा काही रडारवर आपला नंबर सांगत येत नाही. तोफेचं तोंड अजून वर केलं तर गोळा अजून उंच.

बरं, हे छप्पर एका जागी स्थिरही नसतं. अमेरिकेत १८ हजार फुटांच्या वर सगळी विमानं आपलं अल्टिमीटर (हवेच्या दाबावरून उंची सांगणारं यंत्र) एकाच ठरलेल्या दाबावर लावतात, १०१३.२५ हेक्टोपास्कल, खरा दाब काहीही असो. त्यामुळे तिथलं ‘२९ हजार फूट’ ही उंची नसून हवेच्या दाबाचा एक पृष्ठभाग असतो आणि ज्या दिवशी दाब १३ हेक्टोपास्कलने कमी असेल त्या दिवशी ते छप्पर खरोखर साडेतीनशे-एक फुटांनी खाली आलेलं असतं. कोणाला काही कळत नाही कारण सगळ्यांचीच पट्टी एवढीच चुकलेली असते आणि सगळे एकमेकांच्या हिशोबाने बरोबर असतात. मला हे फार आवडतं.

आणि एकावर एक खोल्या असतील तर वर्णनात लिहितात ‘सात हजार फुटांपर्यंत, पण सात हजार धरून नाही’, कारण बरोबर सात हजारावर उडणारा माणूस खालच्या डब्यात का वरच्या डब्यात हे ठरलेलं पाहिजे. उत्तर कॅरोलिनातल्या फोर्ट ब्रॅगवरचं आकाश असंच टिफिनसारखं आहे, आर-५३११ ए, बी, सी, एकावर एक डबे.

आता या नंबराकडे बघा. पहिले दोन आकडे राज्य सांगतात, ५३ उत्तर कॅरोलिना, २५ कॅलिफोर्निया, ३० जॉर्जिया, ६३ टेक्सस. म्हणजे नंबर भूगोलाला बांधलेला, कोणाच्या मोठेपणाला नाही. नाव मात्र शेजारी लिहिलेलं असतं आणि खाली लिहिलेलं असतं की ही जागा वापरतं कोण आणि तिथला हवाई कंट्रोल कोणाकडे.

फोर्ट ब्रॅगचं नाव होतं ब्रॅक्सटन ब्रॅग या जनरलवरून, जो अमेरिकेच्या यादवी युद्धात गुलामगिरीच्या बाजूने लढला. २०२१ च्या संरक्षण कायद्याने कमिशन बसलं, अशा नऊ तळांची नावं बदलायचं ठरलं, आणि जून २०२३ मधे फोर्ट ब्रॅगचा झाला फोर्ट लिबर्टी. मे महिन्यातच फोर्ट बेनिंगचा फोर्ट मूर झाला होता, फोर्ट हूडचा फोर्ट कवाझोस. मग सरकार बदललं आणि फेब्रुवारी २०२५ मधे लिबर्टीचा परत ब्रॅग, पण यावेळी वेगळा ब्रॅग, रोलंड ब्रॅग नावाचा दुसऱ्या महायुद्धातला साधा सैनिक. आडनाव तेच, माणूस वेगळा. मार्चमधे बेनिंगही तसाच परत आला, त्याच आडनावाचा दुसरा सैनिक शोधून. आपल्याकडे चौकाच्या पाटीवरून होतं तसलंच राजकारण, फक्त तोडगा भारी काढला.

या सगळ्या धामधुमीत आर-५३११ आर-५३११ च राहिला. जमिनीवर पाट्या चढल्या-उतरल्या, आकाशाचा नंबर ढिम्म.

पण नुसतं नावही गपचूप बदलता येत नाही कारण हे वर्णन म्हणजे नियमाचा मजकूर आहे. अमेरिकेच्या फेडरल नियमावलीत १४ व्या शीर्षकाचा ७३ वा भाग फक्त अशा लष्करी आणि खास वापराच्या आकाशाचा आहे. अमेरिकन हवाई प्रशासन, एफएए, त्यातला एक शब्द बदलायचा तरी नवीन नियम काढतं आणि तो तिथल्या सरकारी गॅझेटमधे छापून येतो. एरवी नियम करायचा तर आधी प्रस्ताव मांडायचा, लोकांच्या हरकती मागवायच्या, पर्यावरणावर काय परिणाम ते बघायचं, यात महिनोन्‌महिने जातात. नुसत्या नावाच्या बदलात यातून सूट मिळते, पण फुकट नाही, स्पष्ट लिहून द्यावं लागतं की भिंती, उंची, वेळा आणि आत चालणारं काम यातलं काहीही बदलत नाहीये, म्हणून लोकांना विचारायची गरज नाही. म्हणजे असा नियम ‘आम्ही काहीच करत नाही आहोत’ हे शपथेवर सांगण्यातच अर्धा जातो. वाचायला जाम बोअर आहे पण माझ्या मते हा बोअरपणाच कामाचा आहे. कारण नाव बदलायच्या निमित्ताने भिंत दोन मैल सरकवली असं उद्या कोणी केलं तर त्याला याच वाक्यावर पकडता येतं.

नाव जुनंच राहिलं तर काय बिघडतं, असंही कोणी विचारेल. तर कंट्रोलरला दर वेळी त्या खोलीच्या मालकाला विचारावं लागतं की एरिया ‘हॉट’ आहे का ‘कोल्ड’, म्हणजे आत गोळीबार चालू आहे की रिकामा आहे. रिकामा असेल तर प्रवासी विमान सरळ मधून जातं, वळसा वाचतो, इंधन वाचतं. आणि मालकाचीच नावं बदलतात. स्पेस फोर्स, म्हणजे अमेरिकेचं नवं अंतराळ दल, आल्यावर १४ मे २०२१ ला व्हॅन्डनबर्ग एअर फोर्स बेसचा व्हॅन्डनबर्ग स्पेस फोर्स बेस झाला आणि तिथल्या ३० व्या स्पेस विंगला त्याच दिवशी स्पेस लाँच डेल्टा ३० म्हणायला लागले. कागदावर जे युनिट आहे ते अस्तित्वातच नाही अशी परिस्थिती.

नियम निघाला म्हणजे लगेच लागू, असंही नसतं. जगभरातली हवाई माहिती दर २८ दिवसांनी एकदम बदलते, नेहमी गुरुवारी. या पद्धतीला एआयआरएसी म्हणतात आणि ती १९६४ पासून चालू आहे. बदल लोकांच्या हातात निदान २८ दिवस आधी पडावा म्हणून तो ४२ दिवस आधी पाठवायचा, मोठा बदल असेल तर ५६. वर्षात अशी १३ चक्रं, २८ गुणिले १३ म्हणजे ३६४, उरलेला एकेक दिवस साठत जातो आणि कधीतरी १४ वं चक्र येतं, २०२० मधे आलं होतं (अधिक महिन्याचीच आयडिया की ही). अमेरिकेत हा बदल ०९०१ यूटीसीला (जागतिक प्रमाणवेळ) होतो, म्हणजे आपल्याकडे दुपारचे २ वाजून ३१ मिनिटं आणि तिकडे न्यूयॉर्कला पहाट, कॅलिफोर्नियात मध्यरात्र उलटलेली. त्या एका मिनिटाला छापील नकाशे, विमानांमधला डेटाबेस, कंट्रोलरच्या स्क्रीनवरच्या रेघा सगळं एकत्र पलटी मारतं. विमानाच्या कॉम्प्युटरसाठी हा डेटा ज्या फॉरमॅटमधे बनतो त्यात प्रत्येक ओळ बरोबर १३२ अक्षरांची असते, कुठल्या घरात काय बसणार हे ठरलेलं, म्हणजे भाच्याची ती ‘एक ओळ’ खरंच असते तिथे, पण ती हजारो मशिन्समधे एकाच क्षणी बदलायची असते.

नाव बदलणं त्यातल्या त्यात सोपं. नंबर बदलायची वेळ आली तर खरं डोकं फिरतं. एखाद्या मोठ्या खोलीचे तुकडे केले, म्हणजे नको असलेला भाग नागरी विमानांना मोकळा करता यावा म्हणून, तर नवे नंबर किंवा नवी अक्षरं लावावी लागतात. जुना नंबर रद्द झाला की तो निदान एक वर्ष दुसऱ्या कुठल्या जागेला द्यायचा नाही असा आंतरराष्ट्रीय नियम आहे, कारण कोणाच्या तरी बॅगेत जुना नकाशा असणारच. आपल्याकडे बंद पडलेला मोबाईल नंबर दुसऱ्याला देतात आणि त्या बिचाऱ्याला आपल्या आजोबांच्या विम्याचे मेसेज येत राहतात, तसं आकाशात झालं तर मेसेजवर भागणार नाही.

भारतात पण पद्धत हीच. आधी विभागाची दोन अक्षरं, मग पी, आर किंवा डी, मग नंबर. पश्चिमेला व्हीए, उत्तरेला व्हीआय, पूर्वेला व्हीई, दक्षिणेला व्हीओ. पूर्ण मनाईच्या जागा १९३७ च्या नियमांपासून चालत आल्यात आणि त्यात सगळंच लष्करी नाहीये, मुंबईत मलबार हिलवर पारशांचं दोखमा (त्यांची अंत्यविधीची जागा) आहे त्याच्यावरूनही विमान न्यायला बंदी आहे. मे २०२० मधे अर्थमंत्र्यांनी सांगितलं होतं की आपलं फक्त ६० टक्के आकाश मोकळेपणाने वापरता येतं आणि निर्बंध सैल केले तर विमान कंपन्यांचे वर्षाला सुमारे १००० कोटी वाचतील. म्हणजे या खोल्यांची दारं कधी उघडतात हा आपल्या तिकिटाच्या भावाचा पण प्रश्न आहे. आणि बडोद्याला तर घरचाच, हरणीच्या बाजूला एअर फोर्स आहे आणि ऑक्टोबर २०२४ पासून सी-२९५ चा कारखानाही, ५६ पैकी ४० विमानं इथे बनणार आहेत.

जाता जाता एक. १९३४ च्या आपल्या विमान कायद्यात ‘एअरक्राफ्ट’ची व्याख्या आहे त्यात फुगे आहेत, ग्लायडर आहेत आणि पतंग पण आहेत. तो कायदा १ जानेवारी २०२५ पासून जाऊन भारतीय वायुयान अधिनियम आला, नाव बदलायची हौस कायद्यांनाही असते, पण ९० वर्षं उत्तरायणला बडोद्याच्या गच्च्यांवरून लाखो एअरक्राफ्ट उडत होती आणि आम्ही सगळे विनालायसन पायलट, ‘काप्यो’ ओरडत.

भाच्याला मी हे सगळं गाडीत सांगितलं, रावपुऱ्याच्या ट्रॅफिकमधे वेळ भरपूर होता. त्याने ऐकलं, मोबाईलवर काहीतरी बघितलं आणि म्हणाला, मावशी, इथल्या हवाई सूचना निघतात त्यावर व्हीएबीएफ लिहितात, म्हणजे मुंबईचा हवाई विभाग, तर त्यातला बी कशाचा?

बॉम्बेचा, म्हटलं. सेव उसळ खायची का आधी?