‘नस दबलीय’ म्हणजे नेमकं काय दबलंय?

‘मणक्याचा एमआरआय काढायचाय, नस दबलीय.’ कर्वे रस्त्यावरच्या आमच्या सेंटरच्या काउंटरवर हे वाक्य रोज ऐकू येतं. सांगणाऱ्याचा हात कधी कमरेवर असतो, कधी मानेवर. दोघांनाही त्याच बोगद्यात घालतात, दोघांच्या कानावर तोच ठकठकाट पडतो. रेडिओलॉजिस्ट म्हणून पडद्यावर दोघांचे काप, म्हणजे आतल्या भागाची चकत्यांसारखी चित्रं, माझ्यासमोर येतात, तेव्हा मात्र मी दोन अगदी वेगळ्या गोष्टी शोधत असतो. कमरेवाल्याची बहुतेक वेळा एखादी सुटी नस दबलेली असते. मानेवाल्याचा मज्जारज्जू दबलेला असू शकतो.

मणके म्हणजे हाडांचा मनोरा, दोन मणक्यांच्या मधे गादी. मनोऱ्याच्या मागच्या अंगाला एक पोकळी असते आणि तीत पाण्यात तरंगत राहतो मज्जारज्जू, म्हणजे मेंदूचीच खाली उतरलेली शेपटी. लांबी साधारण ४५ सेंटिमीटर, जाडी करंगळीएवढी. मनोरा थेट माकडहाडापर्यंत जातो, पण मोठ्या माणसाचा मज्जारज्जू कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशीच संपतो. त्याखाली उरतो तो नुसता नसांचा झुपका. म्हणून कमरेची चौथी-पाचवी गादी सरकली, तर ती मज्जारज्जूला दाबणार कशी? तो तिथे नसतोच. सापडते ती एखादी नस, आणि कळ मांडीतून पोटरीत उतरते, बहुधा एकाच पायात. हीच सायटिका. मानेतली गादी मागे आली, तर मात्र तिच्यासमोर थेट मज्जारज्जू असतो.

सुटी नस दबली की माणूस ओरडतो. मज्जारज्जू दबला की पुष्कळदा ओरडत नाही, आणि घात तिथेच होतो. शर्टाचं बटण लागता लागत नाही, साडीच्या निऱ्या हातातून सुटतात, सही बदलते. पर्वतीच्या पायऱ्या उतरताना हात आपोआप कठडा शोधतो. मान पुढे वाकवली की पाठीतून वीज उतरल्यासारखं होतं. घरचे म्हणतात, ‘अण्णा, वय झालं आता.’ दुखत नाही म्हणून अण्णाही गप्प बसतात. (कमरेतही एक अपवाद आहे. सगळा झुपकाच दबला, लघवी अडली किंवा बैठकीचा भाग बधिर झाला, तर त्याच दिवशी हॉस्पिटल गाठायचं.)

आता यंत्राकडे. कमरेचा नेहमीचा एमआरआय गाद्यांसाठी बेतलेला असतो. आडवे काप पुष्कळदा फक्त गाद्यांच्या पातळीवर घेतात, मधला भाग सोडून देतात. नसेसाठी तेवढं पुरतं. त्याच्या जोडीला ‘होल स्पाइन स्क्रीनिंग’, म्हणजे सगळ्या मणक्यांवरून झटपट फिरवलेली नजर, मिळतं आणि लोकांना वाटतं, चला, सगळं तपासून झालं. ते रिक्षात बसून लक्ष्मी रोडची दुकानं बघण्यासारखं आहे. मोठी गाठ किंवा क्षयाने खचलेला मणका दिसेल, मज्जारज्जूतला बारीक डाग निसटू शकेल.

आणि गाद्यांबद्दल एक सांगूनच टाकतो. २०१५ साली पाठीचा काहीही त्रास नसलेल्या ३,११० लोकांवरचे अभ्यास एकत्र करून पाहिले गेले. फुगलेली गादी विशीतल्या ३० टक्के लोकांत आणि ऐंशीच्या घरातल्या ८४ टक्के लोकांत निघाली. ‘मणक्यात गॅप आलाय’ हे पुष्कळ अंशी पांढऱ्या केसांसारखंच आहे. रिपोर्टात ते आम्हाला लिहावं लागतं, आणि वाचून घाबरायचं काम घरचे करतात.

मज्जारज्जू बघणं हे या मानाने फार चिवट काम. मानेत त्याची रुंदी १२-१३ मिलिमीटर आणि आमचा एक उभा काप ३-४ मिलिमीटर जाड. म्हणजे तीन-चार कापांत सगळा मज्जारज्जू संपला. त्यात भोवतालचं पाणी हृदयाच्या प्रत्येक ठोक्याला उसळतं, आवंढा गिळला की चित्र हलतं, आणि श्वासागणिक फुप्फुसात हवा भरली की मानेपाशी चुंबकीय क्षेत्रच किंचित बदलतं. हाड, चरबी आणि हवा शेजारी शेजारी असल्याने ते क्षेत्र आधीच एकसारखं नसतं. मेंदू कवटीत निवांत असतो, म्हणून त्याची चित्रं पुष्कळ आधी सुधारली आणि मज्जारज्जू मागे पडला.

गेल्या पंधरा-वीस वर्षांत ही कसर भरून निघते आहे. आडव्या कापात मज्जारज्जूच्या मधे करड्या भागाचं फुलपाखरू असतं. पूर्वी ते पुस्तकातच नीट दिसायचं. आता योग्य पद्धतीने काप घेतला की जिवंत माणसात त्याचे पंख मोजता येतात. दुसरी युक्ती पाण्याची. मज्जारज्जूतले तंतू वरून खाली धावतात, म्हणून त्यांच्यातलं पाणी तंतूंच्या दिशेने सहज सरकतं, आडवं सरकायला अडतं. तंतू विस्कटले की ही शिस्तही मोडते. डिफ्यूजन इमेजिंग नेमकं हेच टिपतं, कधी कधी साध्या चित्रात काही दिसायच्या आधी. तिसरी पद्धत मायलिनची, म्हणजे तंतूंवरच्या वेष्टणाची. मॅग्नेटायझेशन ट्रान्स्फर तंत्राने ते वेष्टण किती शाबूत आहे याचा अंदाज येतो.

मला स्वतःला यांहून महत्त्वाची वाटते ती मोजमापाची शिस्त. माँट्रियलच्या संशोधकांनी ‘स्पायनल कॉर्ड टूलबॉक्स’ नावाचं सॉफ्टवेअर सगळ्यांना मोफत खुलं केलं. ते मज्जारज्जूची कड आपोआप आखतं आणि त्याचं क्षेत्रफळ चौरस मिलिमीटरमध्ये सांगतं. २०२१ मध्ये ‘स्पाइन जेनेरिक’ ही सामाईक स्कॅन-पद्धत प्रसिद्ध झाली. तिच्यासाठी ४२ केंद्रांत, वेगवेगळ्या कंपन्यांच्या यंत्रांवर, २६० लोकांचे स्कॅन जमवले होते. ‘थोडा बारीक वाटतोय’ असं म्हणण्याऐवजी दोन वर्षांत नेमका किती बारीक झाला हे सांगता येऊ लागलं. मल्टिपल स्क्लेरॉसिसमध्ये, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती मेंदू-मज्जारज्जूतल्या तंतूंच्या वेष्टणावरच उलटते त्या आजारात, हा आकडा फार कामाचा असतो. अर्थात यातलं बरंचसं अजून संशोधनात आहे. नेहमीच्या रिपोर्टात ते शोधू नका.

‘मशीन दीड टेस्लाचं की तीनचं?’ हा पुणेकरांचा आवडता प्रश्न. टेस्ला म्हणजे यंत्रातल्या चुंबकाच्या ताकदीचं माप. सायटिकासाठी दीड टेस्ला भरपूर झालं. मज्जारज्जूसाठी तीन टेस्लाचा जादा सिग्नल उपयोगी पडतो, पण हाड-हवेच्या सीमेवरचा बिघाडही त्यात वाढतो, आणि मानेत आधीच स्क्रू बसवलेले असतील तर दीड टेस्लाच बरं. यंत्रापेक्षा डॉक्टरांच्या चिठ्ठीवरचा प्रश्न जास्त काम करतो. ‘मान, गादी बघा’ आणि ‘चालताना तोल जातो, मज्जारज्जू बघा’ या दोन चिठ्ठ्यांवर आम्ही वेगवेगळे काप लावतो.

मज्जारज्जू बिघडायला तो दबलाच पाहिजे असंही नाही. तीन किंवा जास्त मणक्यांइतका लांब पसरलेला डाग दिसला की न्यूरोमायलायटिस ऑप्टिकाचा, म्हणजे मज्जारज्जू आणि डोळ्यांच्या नसांवर घाला घालणाऱ्या आजाराचा, संशय येतो. मल्टिपल स्क्लेरॉसिसचे डाग सहसा आखूड असतात. आणि मग आपल्याकडची खास गोष्ट, बी-१२. पुण्यातल्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी पुण्याजवळच्या खेड्यांतल्या गरोदर स्त्रिया तपासल्या, तेव्हा सुमारे दोन तृतीयांश जणींत हे जीवनसत्त्व कमी निघालं. कमतरता फार वाढली आणि लांबली, तर मज्जारज्जूच्या मागच्या पट्ट्यांचं वेष्टण झिजतं. पाय कुठे पडतोय याची खबर मेंदूला याच पट्ट्यांतून जाते.

आमच्याकडे आलेल्या एका काकू कमरेचा एमआरआय दुसरीकडे काढून आल्या होत्या. म्हणाल्या, ‘चप्पल पायातून निसटते आणि दोन पावलं गेल्यावर कळतं. बेसिनशी तोंडावर पाणी मारायला डोळे मिटले की तोल जातो.’ कमरेच्या रिपोर्टात दोन गाद्या फुगलेल्या होत्या आणि सगळं खापर त्यांच्यावर फुटलं होतं. आम्ही मानेचे काप घेतले. मज्जारज्जूच्या मागच्या भागात उलट्या ‘व्ही’सारखी पांढरी खूण होती. ही खूण प्रत्येकात दिसतेच असं नाही, त्यामुळे निकाल रक्ताच्या तपासणीवरच लागतो, तसा तो लागला. बी-१२ची इंजेक्शनं सुरू झाली. काही महिन्यांनी काकू कठडा धरून का होईना, एकट्या जिना चढून आल्या. फुगलेल्या गाद्या अजून तशाच आहेत.