शेंगदाण्याचा नुसता वास जीवघेणा?

एकादशीला डब्यात साबुदाण्याची खिचडी दिली की अमेरिकेतल्या शाळेत वाद ठरलेला. ‘अ‍ॅलर्जी असलेल्या मुलाला नुसत्या वासानेही झटका येतो,’ असं एक गट म्हणतो. ही भीती जुनी आहे, पण चुकीची. अ‍ॅलर्जी दाण्यातल्या प्रथिनांची असते. खमंग वास असतो हवेत उडणाऱ्या रसायनांचा, त्यात प्रथिन नसतं. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात तीव्र अ‍ॅलर्जीच्या ३० मुलांना १० मिनिटं पीनट बटरचा वास दिला. एकालाही श्वासाचा त्रास झाला नाही. (दाणे कुटताना उडणारी पूड मात्र वेगळी. ती नाकातोंडात जाते.)

म्हणून ‘हे सगळे नखरे’ म्हणणारा दुसरा गटही बरोबर ठरत नाही. कूट लागलेला हात बाकावर, तिथून दुसऱ्याच्या तोंडात, खरा धोका इथे आहे. आणि सॅनिटायझरने हे प्रथिन नीट जात नाही, साबण-पाणी किंवा ओले वाइप्स लागतात. ‘थोडं थोडं चारा, सवय होईल’ हा सल्ला तर घरी चुकूनही आजमावू नका. तसे उपचार असतात, पण तज्ज्ञ डॉक्टरांच्या देखरेखीखाली, मोजून-मापून. डब्यांच्या भांडणात हात धुण्याचा विषय मात्र क्वचितच निघतो.