लकडी पूल आणि डॉट पीवाय

पुण्यातल्या लकडी पुलाचं सरकारी नाव छत्रपती संभाजी पूल, आणि लाकडाचं म्हणाल तर आता त्यात एक फळकूट नाहीये. तरी रिक्षावाल्याला संभाजी पूल म्हणा, तो विचारणार, 'म्हणजे लकडी पूल ना?' माणसाचं हे बरं असतं, तो निदान विचारतो. कॉम्प्युटरला जुन्या नावाने हाक मारली की तो 'कमांड नॉट फाउंड' म्हणून मोकळा.

मला हे महागात पडलं जँगोमुळे. जँगो म्हणजे पायथनमधलं वेब फ्रेमवर्क, वेबसाइट बांधायला लागणारा तयार सांगाडा म्हणा. त्याच्याबरोबर एक कमांड येते, नवा प्रोजेक्ट उभा करायचा, डेटाबेसची टेबलं बनवायची, सगळं तिच्यातूनच. तिचं नाव वर्षानुवर्षं होतं 'जँगो-अॅडमिन डॉट पीवाय', शेवटचं डॉट पीवाय ही पायथनच्या फाइलची खूण. ते शेपूट कापून नुसतं 'जँगो-अॅडमिन' करायचं ठरलं. एवढंच काम, आणि लागली सात वर्षं.

का लागली ते कळायला आधी टर्मिनल, म्हणजे कमांड टाइप करायची खिडकी, काय करतो ते बघू. तुम्ही एक शब्द टाइप करून एंटर मारता, शेलला, म्हणजे त्या खिडकीमागे बसून कमांड चालवणाऱ्या प्रोग्रामला, त्या शब्दाचा अर्थबिर्थ काही कळत नाही. त्याच्याकडे पाथ नावाची फोल्डरांची यादी असते, ती तो पहिल्यापासून धरतो आणि एकेका फोल्डरात त्या नावाची फाइल आहे का बघत जातो, पहिली सापडली की चालवली, पुढचं बघायचंच नाही. यादी संपली तरी सापडलं नाही तर एक्झिट कोड १२७, म्हणजे 'कमांड सापडली नाही' सांगणारा आकडा, विषय संपला. म्हणजे कमांडचं नाव हे फाइलचं नाव असतं, अर्थाबिर्थाशी संबंध नाही, एक अक्षर इकडचं तिकडे झालं तरी ती दुसरीच वस्तू.

मग 'डॉट पीवाय' नको का वाटलं? एक तर आतली भाषा बाहेर मिरवायची गरज नाही, वापरणाऱ्याला काम होण्याशी मतलब. दुसरं, विंडोजवर डॉट पीवायची फाइल कशाने उघडायची हे त्या मशीनच्या सेटिंगवर, म्हणजे कधीकधी कमांड चालायच्या ऐवजी एडिटर उघडून बसायचा. आणि काही लिनक्सवाल्यांनी तर स्वतःच शेपूट कापून टाकलं होतं, त्यामुळे जँगोच्या ट्युटोरियलमध्येच लिहावं लागायचं की बाबांनो, तुमच्याकडे नाव वेगळं असलं तर डॉट पीवाय सोडून वाचा. घरात एक नाव आणि शाळेत एक, तसलं झालं हे.

२०१४ च्या १.७ आवृत्तीत नवं नाव आलं, पण जुनं काढलं नाही. नव्यासाठी 'एंट्री पॉइंट' वापरला, म्हणजे फक्त सांगायचं की या नावाने हाक आली की आतलं अमुक फंक्शन चालव, आणि मग पिप, म्हणजे पायथनची पॅकेजं बसवणारा प्रोग्राम, इन्स्टॉल करताना त्या त्या मशीनला चालेल अशी छोटी फाइल स्वतः बनवतो, विंडोजवर ईएक्सई, लिनक्सवर स्क्रिप्ट. जुनी फाइल शेजारी तशीच. ऑगस्ट २०२० मध्ये ३.१ आली तेव्हा जुन्या नावावर 'डेप्रिकेटेड'चा शिक्का बसला, म्हणजे चालेल पण सवय सोडा, आणि डिसेंबर २०२१ च्या ४.० मध्ये ती फाइल गेली.

कोडमधला बदल तसा किरकोळ असतो. आणि गंमत म्हणजे गिट, म्हणजे कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारा प्रोग्राम, 'नाव बदललं' असं कुठे लिहूनच ठेवत नाही, त्याला एक फाइल गेलेली आणि एक आलेली दिसते, दोन्हींतला मजकूर निम्मा तरी जुळला की तो अंदाजाने म्हणतो, ही तीच असावी. खरा घोळ रिपॉझिटरीच्या, म्हणजे गिटने सांभाळलेल्या कोडच्या, बाहेर असतो, लोकांच्या स्क्रिप्ट्स, सर्व्हरवरच्या क्रॉनटॅब (ठरल्या वेळी आपोआप चालवायच्या कमांडींच्या याद्या), कुणीतरी चिकटवलेल्या चिठ्ठ्या. तिथे ग्रेप मारता, म्हणजे एका कमांडने सगळीकडे शब्द शोधता, येत नाही.

आमचं तेच झालं. लॉगिन केलं की जँगो सेशनच्या, म्हणजे कोण लॉगिन आहे ते लक्षात ठेवायच्या, टेबलात एक ओळ टाकतो, तिची मुदत संपली तरी ती आपोआप जात नाही, त्यासाठी 'क्लिअरसेशन्स' कमांड अधूनमधून चालवायची असते. आम्ही ती रोज पहाटे क्रॉनवर लावलेली, जुन्याच नावाने. ४.० वर गेलो, साइट झकास, टेस्ट हिरव्या, बाणेरच्या ऑफिसात चहा झाला. दोन-अडीच महिन्यांनी डेटाबेसचा बॅकअप का फुगतोय म्हणून बघितलं तर सेशनचं टेबल लाखांच्या घरात.

क्रॉनटॅबच्या त्या ओळीच्या शेवटी कुणीतरी सगळं आउटपुट, एररसकट, डेव्ह-नलमध्ये ढकललेलं होतं, डेव्ह-नल म्हणजे असा खड्डा की टाकलेलं परत येत नाही. त्यामुळे आधीच्या वॉर्निंगाही तिकडेच गेल्या आणि नंतरचा रोजचा १२७ पण. कुणीतरी म्हणजे मीच.

डॉट पीवाय खोडलं, हाताने एकदा कमांड चालवली, टेबल रिकामं व्हायला बराच वेळ गेला. डेव्ह-नल पण काढलं, आता काही बिनसलं की पहाटे मेल येतो. तो वाचतं कोण, ते विचारू नका.