पेट्रोलचा भाव: अंतर किती आणि हद्द कोणाची

पेट्रोलचे भाव जागोजागी वेगळे का, असे विचारले की पहिले उत्तर येते वाहतुकीचे. माल लांबून आला तर महाग, जवळून आला तर स्वस्त. उत्तर चुकीचे नाही. पण तेलाच्या धंद्यात एक काळ असा होता की शेजारून आलेल्या मालालाही सातासमुद्रापलीकडचे भाडे लागे.

१९२८ साली स्कॉटलंडमधल्या ॲक्नाकॅरी किल्ल्यात तीन बडे तेलवाले शिकारीच्या निमित्ताने जमले. रॉयल डच शेलचे हेन्री डिटर्डिंग, स्टँडर्ड ऑइल ऑफ न्यू जर्सीचे वॉल्टर टीगल आणि अँग्लो-पर्शियन ऑइल कंपनीचे जॉन कॅडमन. जगात तेल उदंड झाले होते, भाव पडत होते आणि एकमेकांची बाजारपेठ ओरबाडण्यात तिघांचेही नुकसान होत होते. ज्याचा जेवढा हिस्सा आज आहे तेवढाच पुढेही राहावा, असे तिथे ठरले. भाव ठरवण्याची त्यांची रीत 'गल्फ प्लस' म्हणून ओळखली जाते. अमेरिकेच्या मेक्सिको आखातातल्या बंदरांवरचा भाव घ्यायचा आणि त्यात तिथपासून गिऱ्हाइकाच्या बंदरापर्यंतचे जहाजभाडे मिळवायचे. माल प्रत्यक्षात कुठून निघाला, हा प्रश्नच नाही. इराणच्या आबादान रिफायनरीतून निघून पूर्व आफ्रिकेत उतरलेल्या तेलाच्या बिलातही टेक्सासपासूनचे भाडे धरले जाई. जहाज कधी गेलेच नाही अशा प्रवासाचे हे भाडे, आणि ते जाई सरळ कंपनीच्या खिशात.

ही रीत मोडली ती दुसऱ्या महायुद्धात. हिंदी महासागरातल्या ब्रिटिश युद्धनौका इराणी तेलावर चालत होत्या आणि त्यांच्यासाठी अमेरिकी आखाताचे भाडे ब्रिटिश सरकारला भरावे लागत होते. सरकारी हिशेब तपासणाऱ्यांनी त्यावर बोट ठेवले आणि पर्शियन आखात हे भावमोजणीचे दुसरे मूळ ठिकाण म्हणून मान्य करणे कंपन्यांना भाग पडले. भाव आणि भूगोल यांची सांगड बऱ्याचदा कागदावर घातली जाते, हे या प्रकरणात जितके उघडे पडले तितके क्वचितच पडले असेल.

अमेरिकेच्या आत मात्र याच्या उलटा खेळ आधीच होऊन गेला होता. पेट्रोलच्या आधी रॉकेलचा जमाना होता आणि त्यावर रॉकफेलर यांच्या स्टँडर्ड ऑइलची पकड होती. ज्या शहरात प्रतिस्पर्धी उभा राहील तिथे भाव पाडायचा आणि ती तूट जिथे कोणी स्पर्धक नाही तिथल्या गिऱ्हाइकाकडून भरून काढायची, असा आरोप कंपनीवर सतत होत असे. १९११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने कंपनीचे ३४ तुकडे झाले. पण हे तुकडे पाडले गेले मुख्यतः प्रदेशानुसार: कॅलिफोर्नियाची वेगळी, इंडियानाची वेगळी, न्यू जर्सीची वेगळी. एका मक्तेदाराऐवजी प्रत्येक भागाला आपला एकेक दादा मिळाला, असे म्हटले तर फार अतिशयोक्ती होणार नाही. १९१४ च्या क्लेटन कायद्याने स्पर्धा मारण्यासाठी ठिकाणानुसार वेगळा भाव लावण्यावर बंदी घातली. स्पर्धा मारायची नाही, पण समोरच्या पंपाला तोंड द्यायचे म्हणून भाव उतरवणे मात्र चालते. या दोहोंच्या मधली जागा कोर्टकचेऱ्यांना पुढे अनेक दशके पुरली.

भावांचा नकाशा खऱ्या अर्थाने फाटला तो करांमुळे. ब्रिटनने १९०९ च्या अर्थसंकल्पात गॅलनला तीन पेन्स शुल्क बसवले. अमेरिकेत पहिला मान ऑरेगनचा. फेब्रुवारी १९१९ मध्ये त्या राज्याने गॅलनला एक सेंट कर लावला, हेतू रस्ते बांधण्याचा. मोटारी वाढत होत्या आणि शहर सोडले की चिखल सुरू. हा कर गोळा करायला सोपा होता. प्रत्येक मोटारवाल्यामागे धावायचे नाही, मोजक्या घाऊक विक्रेत्यांकडून वसूल करायचे. एकेका गॅलनमागे तो जाणवतही नसे. राजकारण्यांना असा कर न आवडला तरच नवल. दहा वर्षांत देशातल्या सगळ्या राज्यांनी तो उचलला. केंद्राने मात्र १९३२ पर्यंत, म्हणजे महामंदीत तिजोरी कोरडी पडेपर्यंत, वाट पाहिली.

तेव्हापासून प्रत्येक राज्याची वाट वेगळी. केंद्राचा कर १९९३ पासून गॅलनला १८.४ सेंटवर थांबलेला आहे, महागाई कितीही वाढो. राज्यांचे तसे नाही. अलास्काकडे तेलाच्या रॉयल्टीचा पैसा आहे, तिथला कर नऊ सेंटच्या आत आहे. कॅलिफोर्नियात नुसते उत्पादन शुल्कच साठ सेंटच्या आसपास आहे. न्यू जर्सीने वर्षानुवर्षे कर कमी ठेवला, मग २०१६ मध्ये रस्त्यांच्या निधीसाठी एका फटक्यात २३ सेंटनी वाढवला. राज्याची हद्द ओलांडताना दोन पंपांच्या फलकांवर जो फरक दिसतो, त्यातला मोठा वाटा असा विधिमंडळात तयार झालेला असतो. शिव्या मात्र पंपवाल्याला.

युरोपात ही गोष्ट दहा पावले पुढे गेली. युरोपीय संघाने पेट्रोलवरचे किमान शुल्क हजार लिटरला ३५९ युरो ठरवले आहे, म्हणजे अमेरिकी गॅलनला सुमारे १ युरो ३६ सेंट. हे किमान, बहुतेक देश त्याच्या वर आहेत. लक्झेंबर्गने शेजाऱ्यांपेक्षा कर कमी ठेवला आणि बेल्जियम, फ्रान्स, जर्मनीतल्या गाड्या टाकी भरायला तिथे येऊ लागल्या. चिमुकल्या देशाच्या तिजोरीत परक्या गाड्यांचा कर जमा होत राहिला.

इथवर झाली कराची कथा. पण कर वजा केले तरी भाव सारखे होत नाहीत आणि त्याचे एक कारण पुन्हा महायुद्धात सापडते. १९४२ मध्ये जर्मन पाणबुड्या अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर तेलवाहू जहाजे बुडवत होत्या. टेक्सासचे तेल न्यूयॉर्ककडे जायचे ते याच जहाजांनी. सरकारने तातडीने 'बिग इंच' आणि 'लिटल बिग इंच' या दोन पाइपलाइनी घातल्या आणि इंधनवाटपासाठी देशाचे पाच विभाग पाडले. युद्ध संपले, रेशनिंग गेले, विभाग राहिले. आजही अमेरिकी सरकार पेट्रोलचे साठे आणि भाव याच पाच विभागांनुसार प्रसिद्ध करते. पुढे साठच्या दशकात ह्यूस्टनहून न्यूयॉर्कपर्यंत कलोनियल पाइपलाइन आली आणि पूर्व किनारा तिच्यावर विसंबला. किती विसंबला ते मे २०२१ मध्ये कळले. सायबर हल्ल्यामुळे लाइन काही दिवस बंद पडली आणि आग्नेयेकडच्या राज्यांत पंपच्या पंप कोरडे पडले.

पाचवा विभाग, म्हणजे पश्चिम किनारा, रॉकी पर्वतापलीकडे एकटा आहे. आखाताकडून तिथे माल नेणारी मोठी पाइपलाइन नाही. जहाजाने न्यावा तर १९२० चा जोन्स कायदा आड येतो. देशातल्या एका बंदरातून दुसऱ्या बंदरात माल नेणारे जहाज अमेरिकेत बांधलेले, अमेरिकी मालकीचे आणि अमेरिकी खलाशांचे हवे. अशी जहाजे थोडी, त्यामुळे भाडे जबर. टेक्सासहून येणाऱ्या मालापेक्षा परदेशातून आलेला माल स्वस्त पडतो, अशी वेळ त्यामुळे येते.

त्यात भर पडली धुरक्याची. लॉस एंजेलिसच्या हवेमुळे कॅलिफोर्नियाला प्रदूषणाचे स्वतःचे नियम करण्याची मुभा साठच्या दशकातच मिळाली होती. १९९० मध्ये हवाशुद्धीच्या केंद्रीय कायद्यात दुरुस्ती झाली आणि १९९५ पासून जास्त धुरक्याच्या शहरांत वेगळ्या घडणीचे पेट्रोल सक्तीचे झाले. कॅलिफोर्नियाने १९९६ पासून त्याहूनही कडक प्रकार आणला. शिवाय ऋतूचा फरक. उन्हात पेट्रोलची वाफ लवकर होते, म्हणून उन्हाळी पेट्रोल कमी वाफ होणारे लागते. हिवाळ्यात त्यात स्वस्त पण झटकन वाफ होणारा ब्युटेन बिनदिक्कत मिसळता येतो. उन्हाळ्याच्या तोंडावर तो काढावा लागतो आणि टाक्या जुन्या मालापासून मोकळ्या कराव्या लागतात. वसंतात भाव चढण्यामागे हेही एक कारण असते. प्रत्येक नियमामागे खरीखुरी फुप्फुसे होती, यात शंका नाही. पण एका शहराचे पेट्रोल शेजारच्या शहरात चालेनासे झाले, की तिथली टंचाई भागवायला कोणी धावून येऊ शकत नाही. २००० सालच्या उन्हाळ्यापूर्वी शिकागो आणि मिलवॉकीत भाव असेच भडकले होते. फेब्रुवारी २०१५ मध्ये कॅलिफोर्नियातल्या टॉरन्स रिफायनरीत स्फोट झाला तेव्हा त्या राज्यात भाव उसळले. त्यानंतर भाव उतरले, पण कर आणि नियमांच्या खर्चाने उलगडत नाही एवढा फरक उरलाच. बर्कलीचे अर्थतज्ज्ञ सेव्हरिन बोरेनस्टाइन यांनी त्याला 'गूढ अधिभार' असे नाव दिले.

एकाच शहरातल्या दोन पंपांचे काय? इथे मालात फारसा फरक नसतो. पाइपलाइनमधून येणारे पेट्रोल अनेक कंपन्यांचे मिसळलेले असते आणि एकाच डेपोच्या टाकीतून निघते. कंपनीचे म्हणून जे काही असते ते इंजिन स्वच्छ ठेवणारे थोडेसे रसायन, आणि तेही टँकर भरताना मिसळतात. फरक पडतो तो घाऊक भावात. अमेरिकेत कंपन्या शहराचे अदृश्य पट्टे पाडतात आणि प्रत्येक पट्ट्यातल्या डीलरला वेगळा दर लावतात. आजूबाजूला स्पर्धा किती, लोकवस्ती कशी, रस्ता किती वाहता, यावरून पट्टा ठरतो. पट्ट्याच्या सीमा कंपन्या सांगत नाहीत. शेजारच्या पंपाचा भाव पाहून डीलरने ओळखायच्या.

मग सगळीकडे एकच भाव का नको? हा प्रयोगही झाला आहे. नायजेरियाने १९७५ मध्ये समानीकरण निधी काढला. देशभर पंपावर एकच भाव, आणि लांब माल नेणाऱ्याला वाहतुकीचा खर्च निधीतून परत. देशाच्या आत भाव सरकारी दराने बांधला, पण अनुदानामुळे सीमेपलीकडच्या बेनिनपेक्षा तो इतका कमी राहिला की पेट्रोल वर्षानुवर्षे तिकडे झिरपत राहिले. मे २०२३ मध्ये अध्यक्ष बोला टिनुबू यांनी अनुदान संपल्याचे जाहीर केले. दक्षिण आफ्रिकेने उलट मार्ग धरला. तिथे फरक झाकत नाहीत, सरकारच छापते. देशाचे भावविभाग पाडलेले आहेत, किनारा सर्वांत स्वस्त, आणि बंदरापासून आत आणण्याचा खर्च जोडला की जोहान्सबर्गचा भाव तयार. दर महिन्याच्या पहिल्या बुधवारी नवा भाव लागू होतो. मला ही पद्धत जास्त प्रामाणिक वाटते. भाव कमी होत नाही, पण कशाचे किती हे तरी समजते.

अमेरिकेने सत्तरच्या दशकात भाव गोठवून पाहिले होते. पुरवठ्याचे वाटप १९७२ च्या विक्रीच्या प्रमाणात ठरले आणि १९७९ च्या टंचाईत शहरांतल्या पंपांवर लांबच लांब रांगा लागल्या. भाव वेगळा होऊ दिला नाही, तर रांग वेगळी झाली. जानेवारी १९८१ मध्ये अध्यक्ष रेगन यांनी उरलेली नियंत्रणे उठवली.

सध्याचा ताण पुन्हा पाचव्या विभागात आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये 'फिलिप्स ६६' या तेलकंपनीने लॉस एंजेलिसची रिफायनरी बंद करण्याचे जाहीर केले आणि २०२५ मध्ये व्हॅलेरो कंपनीने कॅलिफोर्नियातल्याच बेनिशियाच्या रिफायनरीबाबत तेच सांगितले. राज्याच्या खास घडणीचे पेट्रोल बनवू शकणाऱ्या परदेशी रिफायनऱ्या मोजक्याच आहेत आणि आशियातून निघालेले जहाज पॅसिफिक ओलांडायला काही आठवडे घेते. तोवर टाकीत जे आहे त्यावरच भाव ठरणार.