डीव्हीडीचे बॉक्ससेट का खराब होतायत, त्यामागची जुनी गोष्ट

२०२५ च्या मार्चमध्ये वॉर्नर ब्रदर्सच्या होम व्हिडिओवाल्यांनी एकदाचं मान्य केलं की २००६ ते २००८ मध्ये बनलेल्या त्यांच्या काही डीव्हीडींमध्ये प्रॉब्लेम आहे आणि ते गिऱ्हाइकांना डिस्क बदलून देतायत. कलेक्टर लोक हे त्याआधी कितीतरी वर्षं सांगत होते. एकदाही नीट न वापरलेली, ओरखडा नसलेली डिस्क प्लेअरमध्ये टाकली तर अडकते, चौकोन चौकोन दिसतात, नाहीतर लोडच होत नाही. कंपनीने सोबत एक अटही सांगितली, की काही टायटल्स आता छापली जात नाहीत किंवा त्यांचे हक्क संपलेत, तिथे तेवढ्याच किमतीचं दुसरं काहीतरी मिळेल. एखादा पिक्चर असेल तर ठीक, चालवून घेऊ. पण मालिकेचा सेट असेल तर? सहा डिस्कमधली चौथी गेली की मधले चार एपिसोड गेले, आणि त्याच्या बदल्यात दुसऱ्याच मालिकेची डिस्क घेऊन करायचं काय. म्हणून हा विषय बॉक्ससेटवाल्यांना सगळ्यात जास्त लागतो, आणि तो नीट कळायला थोडं मागे जावं लागतं.

डिस्क सडणं हे डीव्हीडीपासून सुरू झालेलं नाही. १९७८ च्या शेवटी अमेरिकेत लेझरडिस्क आली, थाळीएवढी, ३० सेंटिमीटरची. ती म्हणजे प्लास्टिकच्या दोन चकत्या, आतून अॅल्युमिनियमचा मुलामा, आणि दोन्ही गोंदाने चिकटवलेल्या. गोंद खराब निघाला किंवा हवा आत शिरली की अॅल्युमिनियम काळवंडायचं आणि चित्रावर रंगीत ठिपक्यांचा पाऊस पडल्यासारखं दिसायचं. 'लेझर रॉट' हा शब्द तेव्हाचा. इंडियाना राज्यातल्या टेरे होट इथल्या सोनीच्या प्लांटमधल्या डिस्क यासाठी विशेष बदनाम झाल्या. जपानमध्ये तर मालिकांचे अख्खे लेझरडिस्क बॉक्स निघायचे, 'उरुसेई यात्सुरा' या अॅनिमेचा १९८७ चा सेट ५० डिस्कचा होता आणि किंमत ३ लाख ३० हजार येन! म्हणजे पूर्ण मालिका घरात ठेवायची हौस जुनीच आहे, आणि ज्या गोंदाने डिस्क जोडलीये तोच तिला मारतो हा धडाही तेव्हाच मिळालेला होता.

मग डीव्हीडी आली, १९९६ च्या नोव्हेंबरमध्ये जपानला आणि १९९७ च्या मार्चमध्ये अमेरिकेत. पहिली दोन-तीन वर्षं मालिकांचं काय करायचं हे कोणाला कळतच नव्हतं. व्हीएचएसवर एका कॅसेटमध्ये दोन एपिसोड विकायची सवय होती, तीच पुढे चालू ठेवली. मूळ 'स्टार ट्रेक' १९९९ पासून असाच सुट्या डिस्कवर आला, एकीवर दोन एपिसोड, आणि सगळं जमवायला ४० डिस्क घ्याव्या लागायच्या. खरा बदल झाला २००० च्या मे महिन्यात, फॉक्सने 'द एक्स-फाइल्स'चा पहिला सीझन एका बॉक्समध्ये काढला तेव्हा. २४ एपिसोड, ७ डिस्क, छापील किंमत १४९.९८ डॉलर. महाग होता तरी लोकांनी घेतला, आणि 'एक बॉक्स म्हणजे एक सीझन' हा हिशोब कायमचा ठरून गेला. पुढची सात-आठ वर्षं मग या धंद्याला सोन्याचे दिवस होते. 'फॅमिली गाय' २००२ मध्ये बंद पडलेली, २००३ मध्ये तिचे सेट निघाले आणि इतके खपले की २००५ मध्ये चॅनलने मालिका परत सुरू केली. प्रेक्षकांनी पैसे देऊन मालिका जिवंत केली, हे मला आजही फार भारी वाटतं.

पण खप वाढला तशा किमती उतरल्या, आणि किमती उतरल्यावर कंपन्यांनी खर्च कुठे वाचवला ते बघायला हवं, कारण आज ज्या डिस्क मरतायत त्यातल्या बऱ्याचशा तिथेच अडकल्यात.

त्यासाठी डीव्हीडी आतून कशी असते ते बघू. सीडीमध्ये १.२ मिलिमीटरचं पॉलिकार्बोनेट, म्हणजे कडक पारदर्शक प्लास्टिक असतं, त्याच्या वरच्या अंगाला डेटा, त्यावर मुलामा आणि लॅकरचा पातळ थर, की लगेच लेबल. म्हणजे सीडीची नाजूक बाजू वरची, लेबलची, जी आपण बिनधास्त टेबलावर उपडी ठेवतो. डीव्हीडी वेगळी. तिच्यात ०.६ मिलिमीटरच्या दोन चकत्या असतात आणि डेटा दोन्हींच्या मध्ये, सँडविचमधल्या चटणीसारखा. त्यामुळे वरून खरवडलं तरी डेटा सुरक्षित, हे चांगलंच झालं. पण आता सगळी भिस्त मधल्या गोंदावर. गोंद नीट पसरला नसेल, पुरेसा सुकवला नसेल, कडेला फट राहिली असेल, तर हवा आणि ओल हळूहळू आत जाते आणि मुलामा खराब व्हायला लागतो. तुम्ही डिस्क कितीही जपा, हा दोष कारखान्यातूनच आलेला असतो.

मालिकांच्या सेटमध्ये बहुतेक डिस्क दोन थरांच्या असतात, ८.५ जीबीवाल्या, कारण एका डिस्कवर चार एपिसोड बसवायचे असतात. नेहमीच्या मांडणीत लेझर पहिला थर आतून बाहेर वाचत जातो आणि काठाजवळ पोचला की दुसऱ्या थरावर उडी मारून बाहेरून परत आत येतो. खराबी बऱ्याचदा काठाकडून सुरू होते, म्हणजे नेमकी ही उडी जिथे असते तिथून. म्हणूनच पहिला एपिसोड मस्त चालतो, मेनू उघडतो, आपल्याला वाटतं डिस्क ठणठणीत आहे, आणि दुसऱ्याच्या शेवटी किंवा तिसऱ्याच्या सुरुवातीला चित्र गोठतं. सेट तपासताना नुसता मेनू बघून डिस्क परत ठेवली तर काहीच तपासलं नाही असं समजा, मधले एपिसोड चालवून बघायलाच लागतात.

आता खर्च वाचवायची पहिली युक्ती, डीव्हीडी-१८. दोन्ही बाजूंना डेटा आणि प्रत्येक बाजूला दोन थर, म्हणजे एका डिस्कमध्ये दोन डिस्कचं काम. युनिव्हर्सलने मालिकांच्या सेटसाठी हा प्रकार बराच वापरला. बनवायला भयंकर किचकट, आणि ज्यांच्याकडे या डिस्क होत्या त्यांच्या तक्रारी पहिल्यापासूनच आहेत, काही तर नव्या पॅकिंगमधून काढल्या तरी अडकायच्या. वर लेबल छापायला जागाच नाही, भोकाभोवतीच्या बारक्या रिंगवर मुंगीएवढ्या अक्षरात कुठली बाजू ते लिहिलेलं, आणि धरायला सुरक्षित अशी बाजूच नाही, कुठूनही पकडली तरी बोटं डेटावर. माझं मत विचाराल तर बॉक्ससेटच्या इतिहासातला हा सगळ्यात वाईट निर्णय होता. एका डिस्कमागे वाचलेले थोडे सेंट लोकांना वीस वर्षांनी भारी पडतायत.

दुसरी गोष्ट पॅकिंगची. सुरुवातीचे सेट जाड पुठ्ठ्याच्या घडीत, प्लास्टिकच्या ट्रेवर. त्या ट्रेच्या मधला खुंटा इतका घट्ट असायचा की डिस्क काढताना ती वाकायची, आणि डीव्हीडी वाकवणं म्हणजे थेट त्या गोंदावर ताण. भोकाच्या कडेला केसासारखी चीर पडलेल्या डिस्क बघितल्या असतील तर त्या याच कारणाने. मग एकावर एक अर्धी चढवलेल्या डिस्क आल्या, खालची काढायला वरची काढावी लागायची. आणि शेवटी सगळ्यात स्वस्त म्हणजे पुठ्ठ्याचे खिसे, ज्यातून डिस्क दरवेळी घासत बाहेर येते. दिसायला मात्र बॉक्स एकाहून एक सुंदर! २०१४ मध्ये 'द वंडर इयर्स'चा २६ डिस्कचा सेट शाळेच्या लोखंडी लॉकरसारख्या डब्यात निघाला होता.

वॉर्नरची गोष्ट या खर्च वाचवण्याच्या काळातलीच. पेनसिल्व्हेनियातल्या ऑलिफंट गावात त्यांचा स्वतःचा डिस्कचा कारखाना होता, तो २००३ मध्ये सिनरॅम या कॅनडाच्या कंपनीकडे गेला. कलेक्टरांनी खराब निघालेल्या डिस्कच्या आतल्या रिंगवरचे कोड एकमेकांशी ताडून बघितले तेव्हा बोट याच कारखान्याकडे गेलं. सिनरॅम २०१२ मध्ये दिवाळखोरीत निघाली. म्हणजे दोष कोणाचा हे विचारायला जावं तर बनवणाराच जाग्यावर नाही. पण त्याच वॉर्नरच्या २००६ च्या आधीच्या कितीतरी डिस्क आजही उत्तम चालतात, तेव्हा डीव्हीडी हा प्रकारच वाईट असं म्हणणं बरोबर नाही, कुठल्या वर्षी कुठल्या मशिनवर कुठल्या गोंदाने बनली यावर सगळं आहे.

मग डीव्हीडीचं आयुष्य किती? कॅनडाच्या कॉन्झर्वेशन इन्स्टिट्यूटच्या तक्त्यात छापील ऑडिओ सीडीला ५० ते १०० वर्षं दिलीत आणि छापील डीव्हीडीला फक्त १० ते २०. मला हा आकडा जरा कडकच वाटतो, कारण ज्यांचे २०००-०१ चे सेट अजून चालतायत असे लोक भरपूर आहेत, पण सीडीच्या मानाने डीव्हीडी कच्ची हे त्यातून कळतं. अमेरिकेच्या एनआयएसटी या मानकं ठरवणाऱ्या सरकारी संस्थेने २००३ मध्ये डिस्क जपण्याबद्दल जी पुस्तिका काढली तिच्यात म्हटलंय की डिस्क उभ्या ठेवा, तापमान ४ ते २० अंश आणि आर्द्रता २० ते ५० टक्के. आता मुंबईत किंवा कोकणात जुलै-ऑगस्टमध्ये आर्द्रता सहज ८० च्या वर असते. तिथे भिंतीला टेकलेल्या लाकडी कपाटात ठेवलेल्या सेटचं काय होत असेल ते सांगायला नको, पुठ्ठ्याचा बॉक्स ओल धरतो, आतली पुस्तिका डिस्कला चिकटते, आणि डिस्कवर बुरशीचे पांढरे जाळीदार डाग येतात. ही बुरशी वरवरची असेल तर मऊ ओल्या कापडाने मधून काठाकडे सरळ पुसून निघते, गोल गोल मात्र पुसायचं नाही.

आपल्याकडची कहाणी थोडी निराळी, कारण भारतात बराच काळ राज्य केलं व्हीसीडीने. व्हीसीडी म्हणजे शेवटी सीडीच, तिची नाजूक बाजू लेबलची. २००७ च्या सुमाराला मोझर बेअर या डिस्क बनवणाऱ्या भारतीय कंपनीने व्हीसीडी २८ रुपयांना आणि डीव्हीडी ३४ रुपयांना आणली तेव्हा घरोघरी डिस्कचे ढीग झाले. दूरदर्शनच्या जुन्या मालिका, 'रामायण', 'महाभारत', 'मालगुडी डेज', यांचे सेट लोकांनी आईवडिलांसाठी हौसेने घेतले, अमेरिकेतल्या मराठी घरांमध्येही सुट्टीवरून परतताना बॅगेतून नाटकांच्या आणि मालिकांच्या डिस्क जायच्या. मोझर बेअर २०१८ मध्ये लिक्विडेशनमध्ये गेली, तेव्हा इथेही तीच गत, डिस्क खराब झाली तर बदलून मागायला कोणी नाही.

कोणी म्हणेल स्ट्रीमिंग असताना हे कशाला. तर 'वेस्टवर्ल्ड' ही एचबीओची स्वतःची मालिका, २०२२ च्या डिसेंबरमध्ये ती त्यांच्याच अॅपवरून काढली. गाण्यांचं प्रकरण तर आणखी जुनं आहे. 'डब्ल्यूकेआरपी इन सिनसिनाटी' ही रेडिओ स्टेशनवरची मालिका, सगळी मजा त्यात वाजणाऱ्या गाण्यांची, आणि २००७ च्या डीव्हीडीत हक्क महाग म्हणून बरीचशी गाणी बदलून टाकली. २०१४ मध्ये दुसऱ्या कंपनीने नवा सेट काढला तेव्हा बहुतेक मूळ गाणी परत आली. आता ज्याला ती मालिका खरी जशी होती त्याच्या जवळपास बघायचीये त्याच्यासाठी तो २०१४ चा सेट हाच आधार आहे, आणि अशा सेटची एक डिस्क सडली तर ते नुकसान पैशात मोजण्यासारखं नाही. त्यात दुकानं आणि प्लेअरही कमी होत चाललेत, नेटफ्लिक्सने पोस्टाने डिस्क पाठवणं २०२३ च्या सप्टेंबरमध्ये थांबवलं, अमेरिकेतल्या बेस्ट बाय दुकानांनी २०२४ मध्ये डिस्क विकणं सोडलं.

ब्लू-रेवाल्यांना थोडा दिलासा आहे. २००६ मध्ये ती आली तेव्हा डेटा पृष्ठभागापासून फक्त ०.१ मिलिमीटरवर असल्यामुळे वर कडक कोटिंग देणं भागच होतं, त्यामुळे पुठ्ठ्याच्या खिशातही ती डीव्हीडीपेक्षा कमी ओरबाडते.

सगळ्यात आधी तपासायचे ते मात्र ऑर्डरप्रमाणे बनवून दिलेले सेट. २००९ मध्ये वॉर्नर आर्काइव्हने ही पद्धत सुरू केली, ज्या जुन्या मालिकांना फार मागणी नाही त्या ऑर्डर आल्यावर कोऱ्या डिस्कवर बर्न करून द्यायच्या. म्हणजे ती छापील डिस्क नसते, घरी आपण बर्न करायचो तसली डीव्हीडी-आर असते, खालची बाजू जांभळट दिसते, आणि डेटा रंगद्रव्यात असतो जे उजेडाने आणि उष्णतेने उडतं. छापील डिस्कची खालची बाजू चंदेरी किंवा सोनेरी असते. तुमच्या कपाटात जांभळ्या डिस्कवाला सेट असेल तर त्याची कॉपी हार्ड डिस्कवर पहिली घ्या, त्यानंतर २००६ ते २००८ मधले वॉर्नरचे सेट, मग दोन्ही बाजूंनी चालणाऱ्या डीव्हीडी-१८, आणि कॉपी करताना कॉम्प्युटर एखाद्या ठिकाणी अडून आवाज करायला लागला तर तीच डिस्क दुसऱ्या ड्राइव्हमध्ये घालून बघा, कारण एका ड्राइव्हला न वाचता आलेली डिस्क दुसरा कधीकधी पूर्ण वाचतो.